घराबाहेर आल्यावर

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी, कुंभारवाडा, फडके हौद. या सगळ्या खुणांच्या मध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांना प्रसिद्धी नवी नाही. गणेशोत्सवात पुण्याच्या पेठांमधली मंडळे जिवंत देखावे करतात. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि मांडवातली पात्रे त्यांवर अभिनय करतात. दिवसा दुकान सांभाळणारा किंवा कॉलेजला जाणारा मुलगा रात्री तानाजी होतो. उत्सव संपल्यावरही कोपऱ्यावरचा चहावाला त्याला महिनाभर ‘काय सुभेदार’ म्हणून हाक मारतो. त्या मुलाला मिळणारा आनंद खरा असतो. चारचौघांनी आपल्याकडे पाहावे, आपले नाव घ्यावे ही भूक प्रत्येक माणसाला असते आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही प्रसिद्धी सुरक्षितही असते. ज्यांनी त्याला तानाजी म्हणून पाहिले, त्यांनीच त्याला दहावीच्या निकालाच्या दिवशी रडताना आणि बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना पाहिलेले असते. एखाद्या रात्री भूमिका फसली तरी तो मुळात कोण आहे हे त्यांना माहीत असते. शिवाय अनंत चतुर्दशीला देखावा आवरायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते.

टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमातून मिळणारी प्रसिद्धी नेमकी या दोन गोष्टी काढून घेते. पाहणारे लाखो असतात, पण त्यांतला जवळजवळ कोणीही त्या माणसाला आधीपासून ओळखत नाही. आणि ही प्रसिद्धी कधी संपणार हे कोणी सांगत नाही. माझ्या मते या क्षेत्रातले बहुतेक सुख आणि बहुतेक दुःख या दोन फरकांतून येते. पैसा, वलय, टीका, ट्रोलिंग हे सगळे त्यानंतरचे.

रिअ‍ॅलिटी म्हटले की सगळे कार्यक्रम एका मापाने मोजायचे, हेही चूक. २००४ मध्ये झी मराठीवर सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’ आठवा. आदेश बांदेकर घरी येत, वहिनींशी गप्पा मारत, खेळ होत आणि शेवटी पैठणी. वाड्यातल्या, चाळीतल्या, सोसायटीतल्या हजारो स्त्रिया या कार्यक्रमामुळे आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर दिसल्या. त्यांना कोणी घरातून बाहेर काढले नाही, त्यांच्या स्वभावावर कोणी मते मागवली नाहीत. कॅमेरा त्यांच्या घरात आला, त्यांच्या माणसांसमोर थांबला आणि निघून गेला. ज्या घरात हा भाग चित्रित झाला, तिथे त्याची आठवण आजही कौतुकाने सांगितली जाते. कार्यक्रमाची रचना माणसाला जपणारी असेल तर प्रसिद्धी त्रास देत नाही, याचा यापेक्षा चांगला मराठी पुरावा मला माहीत नाही.

दुसरी रचना नेदरलँड्समधून आली. तिथे १९९९ मध्ये जॉन द मोल यांच्या एन्डेमॉल कंपनीने ‘बिग ब्रदर’ सुरू केला. अनोळखी माणसे एका घरात बंद, सर्वत्र कॅमेरे, दर आठवड्याला कोणीतरी बाहेर. नोव्हेंबर २००६ मध्ये हा कार्यक्रम ‘बिग बॉस’ या नावाने हिंदीत आला आणि त्याचे पहिले घर उभे राहिले ते लोणावळ्यात. मराठी ‘बिग बॉस’ एप्रिल २०१८ मध्ये कलर्स मराठीवर सुरू झाला. त्या पहिल्या पर्वाचे घरही लोणावळ्यातच होते आणि सूत्रसंचालक होते महेश मांजरेकर. म्हणजे कसब्यातल्या एखाद्या घरात जेवताना जे भांडण टीव्हीवर पाहिले जात होते, ते प्रत्यक्षात मुंबईच्या रस्त्यावर, घाट सुरू होण्याच्या अलीकडे घडत होते.

त्या घरात घड्याळ नसते. फोन, वर्तमानपत्र, टीव्ही काहीच नसते. सकाळ गाण्याने होते, आणि नेमके किती वाजले हे कोणालाच ठाऊक नसते. बाहेर आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे कळायला आठवड्यातून एकदा सूत्रसंचालकाचे बोलणे, एवढाच मार्ग. मांजरेकरांच्या काळात त्याला ‘चावडी’ म्हणत, रितेश देशमुख आल्यावर तो ‘भाऊचा धक्का’ झाला. माणूस स्वतःला सावरतो ते छोट्या छोट्या आधारांवर. आईला फोन करून, मित्राबरोबर कट्ट्यावर बसून, एकट्याने एक चक्कर मारून. हे सगळे आधार एकदम काढून घेतले की चहा-साखरेच्या वाटणीवरून झालेली कुरबूर आयुष्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटू लागते. घरात बसलेल्या प्रेक्षकाला ते हास्यास्पद वाटते. पण त्या घरातल्या माणसाजवळ राग मोजायला दुसरे कोणतेही माप उरलेले नसते.

त्यात नॉमिनेशन. कोणाला बाहेर काढायचे हे सहकाऱ्यांनी नाव घेऊन, कारण देऊन सांगायचे. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला दिला आणि काही वेळाने बाकीच्या दोन खेळाडूंनी त्याच्याकडे चेंडू टाकणेच बंद केले. ते खेळाडू खरे नव्हतेच, पण हे त्याला माहीत नव्हते. शरीराला इजा झाल्यावर होणाऱ्या यातनेशी मेंदूचा जो भाग जोडलेला आहे, तो भाग या साध्या वगळले जाण्यानेही जागा झाला. चेंडूच्या क्षुल्लक खेळात असे होत असेल, तर ज्यांच्याबरोबर रोज जेवतो त्यांनी लाखो लोकांसमोर आपले नाव घेतल्यावर काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

मग येते संपादन. घरात चोवीस तास चित्रीकरण चालते, त्यातून रोजचा तासाभराचा एपिसोड काढायचा. ज्या माणसाने दिवसभर भांडी घासली, दोनदा कोणाची समजूत काढली आणि एकदा आरडाओरडा केला, त्याचा आरडाओरडाच दिसणार. यात कोणी खोटे चित्रित केलेले नसते. निवडले मात्र असते. तीन महिन्यांनी तो माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या नावाचे एक पात्र आधीच घराघरांत पोहोचलेले असते. लोक त्या पात्रावर प्रेम करतात किंवा त्याचा तिरस्कार करतात. रस्त्यात भेटल्यावर हिशेब मात्र या माणसाकडे मागतात.

१२ फेब्रुवारी २०२३ ला हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाची अंतिम फेरी झाली. शेवटी उरलेले दोघेही महाराष्ट्रातले होते. एक अमरावतीचा शिव ठाकरे, दुसरा पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत वाढलेला रॅप गायक एम. सी. स्टॅन. ताडीवाला रस्ता कसबा पेठेपासून तीन-चार किलोमीटरवर, रेल्वे स्टेशनच्या मागे. स्टॅन जिंकला. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याला ३१ लाख ८० हजार रुपये आणि मोटार मिळाली, आणि ‘बस्ती का हस्ती’ ही त्याची ओळख देशभर पोहोचली. ज्या वस्त्यांचे नाव बातमीत फक्त गुन्ह्याच्या निमित्ताने येते, तिथल्या मुलांना आपल्यातला एक जण आपल्याच भाषेत बोलून जिंकलेला पाहून काय वाटले असेल? हा लाभ पैशात मोजता येत नाही आणि मी तो लहान मानत नाही.

पण त्याच पर्वात हा मुलगा पुन्हा पुन्हा खचत होता. घरची आठवण काढत होता, बाहेर पडायची भाषा करत होता. मंचावर हजारोंसमोर गाणारा कलाकार बंद घरात मिटून गेला होता, कारण त्याचे बळ ज्या वस्तीत आणि ज्या मित्रांत होते, ते बाहेर राहिले होते. जिंकल्यानंतर सुमारे महिन्याभराने इंदूरमध्ये त्याचा कार्यक्रम विरोधामुळे बंद पाडण्यात आला. गाणी जुनीच होती, पण आता ती ऐकणारे आणि तपासणारे डोळे कितीतरी पटींनी वाढले होते.

शिव ठाकरेची वाट वेगळी. वर्तमानपत्रे आणि दूध विकणारा, नृत्याचे वर्ग घेणारा हा मुलगा २०१७ मध्ये ‘रोडीज’मध्ये दिसला, २०१९ मध्ये मराठी ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व जिंकला आणि मग हिंदीत गेला. प्रत्येक पायरीवर त्याला थोडे थोडे कळत गेले. अचानक उंच फेकले जाणे आणि पायरी-पायरीने चढणे यांत मनाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

अचानक उंच फेकला गेला तो सूरज चव्हाण. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा हा मुलगा. आई-वडील लहानपणीच गेले, शिक्षण आठवीपर्यंत. मोबाइलवर लहान लहान व्हिडिओ करून तो लोकांना माहीत झाला आणि २०२४ मध्ये मराठी ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वात गेला. ६ ऑक्टोबर २०२४ ला तो विजेता ठरला. १४ लाख ६० हजार रुपये मिळाले, अजित पवारांनी त्याला भेटून घर बांधून देण्याचा शब्द दिला, केदार शिंदे यांनी त्याला नायक करून ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट काढला. लिहितावाचताना अडखळणाऱ्या मुलाला घरातल्या शिकलेल्या स्पर्धकांपेक्षा जास्त मते मिळाली, कारण खेड्यापाड्यांतल्या लोकांना त्याच्यात आपले कोणीतरी दिसले. आयुष्यभर ज्याला कोणी विचारले नाही, त्याला महाराष्ट्राने विचारले. रिअ‍ॅलिटी टीव्हीवर सरसकट टीका करणाऱ्यांनी हा भाग प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. नाटक, साहित्य, शिक्षण, नोकरी या आपल्या सगळ्या जुन्या दारांनी सूरजला बाहेरच ठेवले होते.

चित्रपट एप्रिल २०२५ मध्ये आला आणि चालला नाही. ज्यांनी मते दिली होती त्यांनी तिकिटे काढली नाहीत. मत देणे आणि तिकीट काढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला जिंकवताना आपण त्याच्या दुःखाला दाद देतो. पुढच्या वेळी मात्र त्याच्याकडे कौशल्य मागतो. ते कमवायला त्याला वेळ आणि शिक्षक कोण देणार, हा प्रश्न अंतिम फेरीच्या रात्री कोणी विचारत नाही.

त्याच पर्वात दुसरा आला अभिजीत सावंत. हे नाव वाचून चाळिशीतल्या वाचकांना २००५ चा मार्च आठवेल. तेव्हा ‘इंडियन आयडॉल’चे पहिले पर्व जिंकलेल्या या मराठी मुलासाठी घराघरांतून एसएमएस गेले होते. देशाचा पहिला ‘आयडॉल’ एकोणीस वर्षांनी पुन्हा मते मागायला उभा राहिला, यात मला कमीपणा दिसत नाही. उलट ही प्रसिद्धी किती लवकर शिळी होते आणि तरीही माणसाला उमेद धरून काम करत राहावे लागते, हे त्यातून कळते. कार्यक्रम संपल्यावरचे उत्पन्न येते ते सुपाऱ्यांतून. दहीहंडी, नवरात्र, सराफी दुकानाचे उद्घाटन, महाविद्यालयाचे गॅदरिंग. पुढचे पर्व सुरू झाले की सुपारी नव्या चेहऱ्याकडे जाते. वर्षभर हारतुऱ्यांत राहिलेल्या माणसाचा फोन वाजायचा थांबतो, तो काळ सर्वांत अवघड.

डोना रॉकवेल आणि डेव्हिड जाइल्स यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा प्रसिद्ध व्यक्तींच्या सविस्तर मुलाखतींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना चार टप्पे दिसले. आधी प्रसिद्धीबद्दल प्रेम आणि द्वेष दोन्ही, मग तिचे व्यसन, मग ती आहे तशी स्वीकारणे आणि शेवटी तिच्याशी जुळवून घेणे. या लोकांनी सांगितले की आपण हळूहळू दोन माणसे होतो, एक लोकांसमोरचा आणि एक आतला. शिवाय आजूबाजूच्यांवरचा विश्वास उडत जातो. आलेला मित्र माझ्यासाठी आला की माझ्या नावासाठी, हे ओळखता येत नाही.

हा विश्वासाचा प्रश्न बिहारमधल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी फार मोकळेपणाने मांडला आहे. २०११ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त त्यांनी पाच कोटी रुपये जिंकले. त्याआधी ते महिना सहा हजारांवर संगणक चालक म्हणून काम करत. २०२० मध्ये त्यांनी फेसबुकवर लिहिले की त्या विजयानंतरचा काळ आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता. दान मागणारे, फसवणारे, सारखे काय करता म्हणून विचारणारे पत्रकार, आणि त्या पत्रकारांना काहीतरी सांगता यावे म्हणून केलेले उद्योग. व्यसन लागले, संसारात ताण आला. पुढे ते शिक्षक झाले आणि झाडे लावण्याच्या कामात रमले.

याच कार्यक्रमाचे पहिले कोट्यधीश आपले हर्षवर्धन नवाथे. ऑक्टोबर २००० मध्ये ते जिंकले तेव्हा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होते. सत्कार आणि समारंभांच्या गर्दीत ती परीक्षा मागे पडली. मग ते ब्रिटनला एमबीए करायला गेले, परत येऊन नोकरीत स्थिरावले. आणि २०१९ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवून महिना पंधराशे रुपये मिळवणाऱ्या या बाईंची इच्छा होती एका मोबाइल फोनची. जिंकल्यावरही खिचडीचे काम आपल्याला आवडते, असेच त्या सांगत राहिल्या. तिघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते. ज्याच्याजवळ परत जायला काम आणि माणसे होती, तो लवकर सावरला. ज्याने प्रसिद्धीलाच काम मानले, त्याला वेळ लागला.

‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ची पाच मुले हे तर याचे सर्वांत सुंदर उदाहरण. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. फेब्रुवारी २००९ मधल्या अंतिम फेरीत कार्तिकी जिंकली, पण लोकांनी पाचांनाही ‘पंचरत्न’ म्हणून सारखेच डोक्यावर घेतले. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका आणि तिची गुरू, कार्तिकीच्या घरी वडील कल्याणजी गायकवाड यांचे गाणे. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी ही मुले रियाजाला बसू शकत होती आणि बसवणारे माणूस घरातच होते. रोहित पुढे ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात दुसरा आला, आर्या ‘ती सध्या काय करते’मध्ये नायिका झाली, २०२१ मध्ये पाचही जण त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसले. मुग्धा आणि प्रथमेश यांनी तर २०२३ मध्ये लग्न केले आणि महाराष्ट्राला आपल्याच घरातले कार्य असल्यासारखा आनंद झाला.

पण ही पाच नावे आपल्याला पाठ आहेत म्हणून प्रत्येक पर्वाच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीत गळालेल्या मुलांना विसरून चालणार नाही. २००८ मध्येच कोलकात्यात सोळा वर्षांची एक मुलगी नृत्याच्या कार्यक्रमात परीक्षकांचे कठोर बोल ऐकल्यानंतर आजारी पडली. तिची वाचा गेली, हातपाय हलेनात, तिला बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत न्यावे लागले. आजाराचे कारण काय यावर वाद झाला, पण देशभर प्रश्न विचारला गेला. परीक्षकाने मुलाला सगळ्यांसमोर किती बोलावे? चित्रीकरण किती तास चालावे? अमेरिकेत याल्डा उल्स आणि पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांनी याच सुमाराच्या, २००७ मधल्या, मुलांच्या आवडत्या मालिकांमधली मूल्ये तपासली तेव्हा प्रसिद्ध होणे हे मूल्य पहिल्या क्रमांकावर आले होते. त्याच्या दहा वर्षे आधीच्या मालिकांत ते पंधराव्या स्थानी होते.

प्रसिद्धीची हाव असलेलीच माणसे अशा कार्यक्रमांत जातात, मग तक्रार कशाला, असे अनेक जण म्हणतात. मार्क यंग आणि ड्र्यू पिन्स्की यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या दोनशे प्रसिद्ध व्यक्तींची चाचणी घेतली तेव्हा आत्मप्रेमाचे गुण रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांतल्या लोकांमध्ये सर्वाधिक निघाले हे खरे. पण त्याचा अर्थ त्यांना वेदना होत नाही असा नाही. स्वतःवर फार प्रेम करणारा माणूस नकाराने अधिक मोडतो.

ब्रिटनच्या जेड गुडीला तिथल्या ‘बिग ब्रदर’ने नाव दिले आणि २००७ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या सेलिब्रिटी पर्वात अभिनेत्री शिल्पा शेट्टीशी केलेल्या अपमानास्पद वर्तनाने ते धुळीलाही मिळाले. पुढच्या वर्षी ती माफीच्या भावनेने हिंदी ‘बिग बॉस’मध्ये आली, सूत्रसंचालक खुद्द शिल्पा होती. तिथे कॅमेऱ्यासमोरच तिला कळले की आपल्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. एखाद्या बाईने ही बातमी अशी ऐकावी, याहून मोठी किंमत कोणती? तरी उरलेले महिने तिने प्रसिद्धीचा उपयोग करून दोन मुलांसाठी पैसा उभा केला. मार्च २००९ मध्ये, २७ व्या वर्षी ती गेली. तिच्या आजाराच्या बातम्यांमुळे इंग्लंडमध्ये चार लाखांहून अधिक जादा तपासण्या झाल्या. त्यांतून किती जणींचा रोग वेळेत सापडला असेल! लाभ आणि किंमत इतक्या घट्ट गुंतलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

आता आपल्याकडे, म्हणजे पाहणाऱ्यांकडे वळू. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहून ठेवले की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जुळते. आपण त्याला ओळखतो असे वाटते, तो मात्र आपल्याला ओळखत नाही. पूर्वी हे नाते दिवाणखान्यातच राहत असे. मोबाइलमुळे ते थेट त्या माणसाच्या उशाशी पोहोचले. जपानमध्ये ‘टेरेस हाऊस’ या कार्यक्रमातली २२ वर्षांची कुस्तीगीर हाना किमुरा. धुण्यात तिचा कुस्तीचा पोशाख खराब झाला म्हणून ती घरातल्या एका मुलावर चिडली, एवढाच प्रसंग. त्यानंतर तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला आणि मे २०२० मध्ये तिने जीवन संपवले. दोन वर्षांनी जपानने ऑनलाइन अपमानासाठी एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली.

आपल्या पेठेतही याची लहानशी झलक दिसली. मे २०२२ मध्ये लाल महालात चित्रित केलेला एका नृत्यांगनेचा लावणीचा व्हिडिओ पसरला, फरासखाना पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, तिने जाहीर माफी मागितली. लाल महालाचे पावित्र्य जपले पाहिजे यात शंका नाही. पण चूक दाखवणे वेगळे आणि एका तरुण मुलीला हजारोंनी मिळून सोलणे वेगळे. पहिले काम कायदा करत होताच.

ब्रिटनमध्ये ‘लव्ह आयलंड’मधल्या माजी स्पर्धकांचे मृत्यू आणि २०१९ मध्ये बंद झालेला ‘जेरेमी काइल शो’ यांनंतर संसदीय समितीने चौकशी केली. एप्रिल २०२१ पासून तिथल्या नियामकाने वाहिन्यांवर सहभागींच्या मानसिक काळजीची जबाबदारी घातली. कार्यक्रमाआधी, दरम्यान आणि नंतरही. आपल्याकडे प्रौढ स्पर्धकांसाठी असा नियम नाही, आणि तो व्हायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे. जो उद्योग माणसाच्या भावनांवर चालतो, त्याने निदान वर्षभर त्या माणसाच्या समुपदेशनाचा खर्च उचलावा.

मुलांसाठी मात्र आपल्याकडे कायदा आहे आणि तो फार थोड्या पालकांना माहीत असतो. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते.

तेव्हा कसब्यातून असो वा कुठूनही, मुलाला ऑडिशनला नेणाऱ्या आई-बाबांनो, नाचाचे कपडे शिवायला टाकण्याआधी निर्मात्यांना हे पाच प्रश्न विचारा: परवानगी कोणाची, तास किती, शाळेचे काय, ठेव कोणत्या बँकेत, आणि सेटवर मुलांना सांभाळणारे कोण. उत्तर मिळाले नाही तर करारावर सही करू नका. आणि कार्यक्रम संपल्यावर घरातले मूल किंवा मोठे माणूस गप्प गप्प राहू लागले, झोप उडाली, सारखे फोनवर स्वतःचे नाव शोधू लागले, तर वाट पाहू नका. ‘टेली-मानस’ ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, आणि मराठीतही बोलता येते.